ओव्हन बंद पडला, आता एअर फ्रायर घेऊ का? (गुहागर, घरात तीन माणसं)

आगरातली:
नमस्कार. आमचा २८ लिटरचा ओटीजी (टेबलावरचा छोटा ओव्हन) गेल्या आठवड्यात बंद पडला. दहा वर्षं वापरला. दुरुस्तीवाल्याने मागची पाटी उघडून दाखवली, तर खाऱ्या हवेने आतले स्क्रू गंजून फुगलेले आणि खालच्या कॉइलचं टोक तुटलेलं. सुटे भाग मिळत नाहीत म्हणाला. पुतण्या गणपतीला मुंबईहून येतोय. तो म्हणतो, "काकू, एअर फ्रायर आणतो, रोजच्या स्वयंपाकाला ओव्हन लागतोच कशाला?"

घरात मी, हे आणि सासूबाई. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. यांना डॉक्टरांनी तळण कमी करायला सांगितलंय, म्हणून आठवड्यातून दोनदा मासे ओव्हनमध्ये करायचे. बाकी शेंगदाणे, काजू, कधी नानखटाई, आणि तवशी (मोठ्या काकड्या) आली की धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक.

खरा प्रश्न धोंडसाचाच आहे. सासूबाई ते चुलीवर करायच्या. जाड पितळी पातेलं, तळाला केळीचं पान, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. चूल गेली तेव्हा त्यांनी धोंडस करणंच सोडलं होतं. मी ते ओव्हनमध्ये वर-खाली दोन्ही कॉइल लावून बसवलं. पहिल्यांदा तळाची खरवड हवी तशी आली, तेव्हा त्यांनी ती स्वतः उलथन्याने सोडवून सगळ्यांना वाटली. ते मला घालवायचं नाही. एअर फ्रायरमध्ये होईल का? आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा तो चालेल का?

बंदरावरचा:
ताई, मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. आम्ही घेतला होता, चार लिटरचा. दोन अख्खे बांगडे नाहीतर सुरमईच्या चार तुकड्या, एवढंच बसतं. जेवायला बारा माणसं असली की पहिला घाणा गार होईपर्यंत शेवटचा निघत नाही. तुम्ही तिघंच आहात, तुम्हाला पुरेल. पण गणपतीत घर भरल्यावर त्याच्यावर विसंबू नका.

आणि कोंबडी-वड्यांचे वडे त्यात करायला जाऊ नका. वडा फुगतो तो कडक तेलात पडल्या पडल्या चहूबाजूंनी एकदम ताव लागतो म्हणून. नुसत्या वाऱ्यात तो आधी सुकतो आणि मग कडक होतो. आम्ही एकदा करून बघितले, पाहुण्यांपुढे ठेवले नाहीत. भज्यांचंही तेच, पीठ जाळीतून खाली गळतं.

तिरफळ:
ताई, मी वेंगुर्ल्याची. माझ्याकडे सहा वर्षांपासून एअर फ्रायर आहे आणि ओटीजीही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या सासूबाईंचं पातेलं डोळ्यांपुढे आणा. एअर फ्रायर म्हणजे त्यातले फक्त वरचे निखारे आणि त्यांच्यावर पंखा. खाली विस्तव नाही. कॉइल वर असते आणि पंखा तिची ऊब जोरात खाली ढकलतो. पदार्थाभोवती ओलसर, थंड हवेचा जो थर असतो तो हा वारा काढून टाकतो, म्हणून वरचं आवरण लवकर कुरकुरीत होतं. भांडं लहान असल्याने तापायला दोन-तीन मिनिटं पुरतात. ओटीजीला दहा-पंधरा लागतात. एकदा हे ध्यानात आलं की कुठला पदार्थ जमेल आणि कुठला नाही ते आपलं आपल्याला कळतं.

मासे उत्तम होतात. फक्त सगळ्या माशांना एकच नियम लावू नका. बांगडा मुळात तेलकट, त्याला वरून अर्धा चमचा तेल पुरतं. मिरची-आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. चिरा खोल द्या आणि वाटण चिरांच्या आत बोटाने भरा, नाहीतर पंखा वरचंच वाळवतो आणि आत अळणी राहतं. मग १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. बांगड्याची चरबी खाली गळून धूर होतो, म्हणून जाळीखाली दोन चमचे पाणी घाला. सुरमईला मात्र स्वतःचं तेल कमी, ती चामट होते. तिला दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावाच आणि दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. बोंबील मी त्यात करत नाही. पाट्याखाली कितीही दाबले तरी त्यांचं पाणी सुटतंच आणि रवा ओला राहतो. ते तव्यावरच.

रव्याबद्दल एक सांगते. कोरडा रवा पंख्याने उडतो. माशाला रवा लावला की हाताने थापा, पाच मिनिटं तसंच ठेवा, रवा ओला दिसायला लागला की तेल लावा आणि मगच आत घाला. सुक्या जवळ्याचा तर मला धडाच मिळाला. भाजायला म्हणून मूठभर घातला. हलका तो, उडून थेट कॉइलला चिकटला आणि जळाला. तो वास आठ दिवस गेला नाही, त्या आठवड्यात केलेल्या नानखटाईलाही लागला. जवळा, पापड, रिकामा बटर पेपर, असलं वाऱ्यावर उडणारं काहीही त्यात नको. सुका बांगडा चालतो, पण मागची खिडकी उघडी ठेवा.

आगळ लावलेला मासा फॉइलमध्ये गुंडाळू नका, आंबटाने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. केळीचं पान घ्या. तुमच्या आगरात असेलच. विस्तवावर शेकून मऊ करा आणि टोकं माशाखाली दाबा, म्हणजे उडणार नाही.

तुम्ही "काजू" लिहिलंय. सोललेले, वाळलेले गर असतील तर १५० अंशांवर सहा-सात मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. पण बिया असतील तर कृपा करून एकही आत घालू नका. टरफलातलं तेल तापून बाहेर उडतं, कातडी भाजते आणि त्याचा धूर डोळ्यांना नि छातीला वाईट. आमच्याकडे बिया भाजतात त्या घरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून. ते काम बंद स्वयंपाकघरातलं नाही.

निरफणसाचे काप, सुरणाचे काप, केळ्याचे काप फार छान होतात. सुरणाला आधी आगळ किंवा चिंचेचं पाणी चोळा, घशाला खाजणार नाही. आमची आते म्हणते, "मशीन खयचाय हाड, बांगडो ताजो होयो." खरंच आहे ते. शिळ्या माशाला कुठलाच ताव वाचवत नाही.

आता धोंडस. ओव्हनच्या कृतीतलं तापमान वीस अंशांनी उतरवा. डबा सहा इंची घ्या, त्याहून मोठा नको, आणि मिश्रण अर्ध्या डब्यापर्यंतच. नाहीतर वरून काळं आणि मध्ये कच्चं. आधी झाकून, शेवटी उघडं. तळाच्या खरवडीची मात्र खात्री देत नाही, कारण खाली विस्तव नाही. मला त्यावर तोडगा सापडलेला नाही.

कौलारू:
मी रत्नागिरीत वायरिंगची कामं करतो. काकू, तुमच्या व्होल्टेजच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

व्होल्टेज कमी असताना यंत्र चालतं, पण ताव कमी देतं. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० वर १५०० वॅट देणारी कॉइल १९० वर जेमतेम १००० वॅट देते. म्हणजे संध्याकाळी सात वाजता कृतीतली १२ मिनिटं पुरणार नाहीत. घड्याळ बघू नका, मासा बघा. जमलं तर असलं काम दुपारी उरका.

दुसरं, साध्या लहान प्लगवर लावू नका. तो ६ अँपिअरचा असतो, म्हणजे १३८० वॅटपर्यंतच, आणि एअर फ्रायर बहुतेक १४०० ते १७०० वॅटचे. मोठ्या तीन पिनांचा पॉवर प्लगच हवा, मागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मल्टिप्लग किंवा एक्स्टेंशन नको. किनाऱ्यावर प्लगच्या पिना हिरव्या पडतात. तिथे पकड सैल होते, पिन तापते आणि प्लग वितळतो. असे प्लग मी दर पावसाळ्यात बदलतो. महिन्यातून एकदा मेन बंद करून पिना बघा आणि कोरड्या फडक्याने पुसा. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्यात खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात माती सुकली की अर्थ कमजोर पडतो.

खर्च म्हणाल तर १५०० वॅटवर १५ मिनिटं म्हणजे अर्ध्या युनिटापेक्षाही कमी. १६०० वॅटचा ओटीजी पाऊण तास चालला तर सव्वा युनिटाच्या जवळ जातो.

घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर मात्र दोन्ही चालणार नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. गॅसचा भरलेला सिलिंडर आणि एक जाड तवा घरात असू द्या.

आगरातली:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुतण्याने आणला, साडेचार लिटरचा. कौलारूकाकांनी सांगितल्यावर प्लग बदलून घेतला. जुना काढला तेव्हा आतून एक पिन तपकिरी झालेली दिसली, म्हणजे ओव्हन लावला की तीच तापत होती.

बांगडे तिरफळताईंच्या पद्धतीने केले. हे दोन खाऊन उठले.

आणि धोंडस. काल शेजारून पिकलेलं तवसं आलं. किसून रस वेगळा काढला, तांदळाचा रवा भाजून त्याच रसात भिजवला, त्यात गूळ, खोबरं, काजूगर, वेलची, चवीपुरतं मीठ. सहा इंची डब्याला तूप लावून तळाला केळीचं पान. १६० अंशांवर फॉइलने झाकून ३५ मिनिटं, मग उघडं दहा मिनिटं. वरून रंग सुरेख आला, सुरी कोरडी निघाली, पण तळाचं पान हिरवंगारच. कौलारूकाकांचा जाड तवा तेव्हा आठवला. गॅसवर बिडाचा तवा तापवला, आच अगदी बारीक केली आणि डबा तसाच त्यावर ठेवला. वरचे निखारे एअर फ्रायरचे झाले होते, खालचा विस्तव तव्याचा. आठव्या मिनिटाला पान करपल्याचा वास आला आणि सासूबाई पडवीतून उठून आत आल्या. "काढ आता," म्हणाल्या.

पान सोलल्यावर खरवड त्याच्याबरोबर निघाली, गुळाची, गडद, कडेला चिवट. त्यांनी पान हातात घेतलं आणि उलथनं मागितलं.

तिरफळताई, डबा स्टीलचा होता. अॅल्युमिनियमच्या पातळ डब्यात तव्यावर आठ मिनिटं जास्त होतील, पाचच्या पुढे वासावर लक्ष ठेवा.