नगरसेवकाची पदवी खरी की खोटी, हे विचारायचं कुठे? (मदत हवी आहे)

उंबरठ्यावरची

नमस्कार मंडळी. गाव, पक्ष, नाव काहीच लिहिणार नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

तालुक्याचं गाव, नगरपरिषद. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून जे गृहस्थ निवडून आले, त्यांच्या शपथपत्रात शिक्षण आहे 'बी.ए., २००९' आणि पुढे परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव. हेच गृहस्थ २०१६ लाही उभे होते. तेव्हाच्या शपथपत्रात त्याच रकान्यात लिहिलंय 'दहावी'. म्हणजे २००९ साली मिळालेली पदवी २०१६ मध्ये त्यांना आठवत नव्हती. वर आता विजयाच्या फ्लेक्सवर नावाआधी 'डॉ.' चढलंय.

त्यांच्या कमी शिक्षणाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. चौथी शिकलेल्या नगरसेविकेने आमच्या गल्लीची पाइपलाइन भांडून करून घेतली होती, तिच्याइतकं काम नंतर कुणी केलं नाही. पण शपथेवर काहीही लिहून द्यायचं आणि कुणी विचारायचंच नाही, हे पचत नाही.

तर विचारायचंय असं: ही पदवी तपासायची कशी? माहितीच्या अधिकारात विद्यापीठ सांगतं का? खोटी निघालीच तर जायचं कुणाकडे? नवऱ्याचं म्हणणं, अब्रुनुकसानीचा दावा लावतील, गप्प बस. मी खाजगी अनुदानित संस्थेत शिकवते आणि संस्थाचालकांची त्यांच्याकडे ऊठबस आहे, त्यामुळे माझं नाव पुढे न आलेलं बरं.

पक्षकार नव्हे वकील

ताई, आधी कडू बातमी. निवडणूक रद्द करून घ्यायची वेळ गेली. नगरपरिषदेच्या बाबतीत निकाल राजपत्रात आल्यापासून फक्त १० दिवसांत जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. ग्रामपंचायतीला १५ दिवस, आमदार-खासदाराला ४५. एवढ्या वेळात विद्यापीठाकडून कागद मिळवणं जवळपास अशक्य, आणि लबाडी करणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

वेळेत गेलेल्यांना यश आलंय, नाही असं नाही. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघातून २०१२ साली निवडून आलेले मैरेंबम पृथ्वीराज यांनी शपथपत्रात म्हैसूर विद्यापीठाचं एमबीए लिहिलं होतं. पराभूत उमेदवार कोर्टात गेला. विद्यापीठात असा विद्यार्थीच नव्हता. यांचा बचाव काय, तर ती लिहिण्यातली चूक होती, आणि म्हैसूरहून पत्राद्वारे एमबीए करायचं त्यांच्या फार दिवस मनात होतं! मनात असलेली पदवी शपथपत्रात उतरली म्हणे. पण २००८ च्या शपथपत्रातही तीच पदवी होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केल्याचा निकाल कायम ठेवला. त्या प्रकरणातही मागच्या निवडणुकीचं शपथपत्र कामी आलं, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं.

उलट बाजूही सांगतो. २०२३ मध्ये अलाहाबादच्या एका आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. शिक्षणाची खोटी माहिती म्हणजे 'भ्रष्ट आचरण' नव्हे, हा उच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी बदलला नाही. आपल्याकडे शिक्षण पाहून कुणी मत देत नाही, असंही सुनावणीत बोललं गेलं.

तुमच्यापुढे आता फौजदारी वाट उरते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं खोट्या शपथपत्राबद्दलचं कलम १२५-अ लोक सुचवतील, पण ते लोकसभा-विधानसभेपुरतं आहे. खोटं प्रमाणपत्र कुठे वापरलं असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३३६ आणि ३४० लागतात. नुसतंच शपथपत्रात लिहिलं असेल, कागद कुठे दिलाच नसेल, तर ते वेगळं प्रकरण. म्हणून घाईने पोलिसांत जाऊ नका, आधी कागद जमवा.

आणि अब्रुनुकसानीचं: 'पदवी खोटी आहे' हे वाक्य तोंडातून काढू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. 'दोन शपथपत्रांत दोन वेगवेगळी शिक्षणं आहेत' हे बेलाशक म्हणा. ते त्यांनीच लिहून दिलंय.

निवृत्त परीक्षा विभाग

एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उभी हयात गेली, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे घाईने खोटं ठरवू नका. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून बारावी नसलेले कितीतरी लोक बी.ए. झालेत, आणि रीतसर झालेत. असा माणूस जुन्या सवयीने 'दहावी' लिहू शकतो. तुमच्या गृहस्थांचं विद्यापीठ परराज्यातलं आहे म्हणून शंका जास्त, एवढंच.

दुसरं, 'खोटी पदवी' या एका नावाखाली बरेच वेगवेगळे प्रकार खपतात. एक सरळ बनावट. दिल्लीचे कायदामंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना जून २०१५ मध्ये अटक झाली, ते या आरोपाखाली. बी.एस्सी. अवध विद्यापीठाची, वकिली भागलपूरच्या तिलका मांझी विद्यापीठाची, आणि दोन्हींवर प्रश्नचिन्ह. पोलीस त्यांना बरोबर घेऊन फैजाबाद आणि मुंगेरला जाऊन आले. कायदामंत्र्याचीच कायद्याची पदवी, यावर वेगळा विनोद करायची गरज नाही. दुसरा प्रकार म्हणजे माणूस खरंच शिकला, पण संस्थेलाच मान्यता नाही. त्याच वर्षी आपले तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या अभियांत्रिकी पदवीवरून गदारोळ झाला. पुण्याच्या ज्ञानेश्वर विद्यापीठाला मान्यता नव्हती, मात्र तिथे शिकल्याचं त्यांनी लपवलं नव्हतं. या दोन गोष्टी एका तागडीत तोलणं मला तरी पटत नाही.

आता काम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती आधी बघा. नागपूरची 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी' वर्षानुवर्षं तिच्यात आहे. पण यादीत नाव नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. हिमाचलातल्या सोलनचं मानव भारती विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं होतं, आणि तिथूनच पदव्या विकल्याचं प्रकरण २०२० मध्ये बाहेर आलं.

माहिती अधिकारात 'अमुक माणूस पास झाला का, गुण किती' असं विचारलंत की 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' असा शेरा मारून अर्ज परत येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पदवी आणि गुण ही वैयक्तिक माहिती धरली. म्हणून माणसाबद्दल विचारूच नका, विद्यापीठाबद्दल विचारा. २००९ साली त्यांना दूरशिक्षणाने बी.ए. द्यायची परवानगी होती का? महाराष्ट्रात अभ्यासकेंद्र चालवायची होती का? हे कुणाचं खाजगी नाही. खाजगी विद्यापीठ स्वतः उत्तर देण्यात टाळाटाळ करतं, तेव्हा थेट अनुदान आयोगाला विचारा. अर्ज ऑनलाइन होतो, दहा रुपये शुल्क, कारण द्यावं लागत नाही. तिकडून 'परवानगी नव्हती' असं आलं की व्यक्तीचं नाव न घेता तुमचं निम्मं काम झालं.

बर्लिनचा पाहुणा

इथे जर्मनीत 'डॉ.' चं वेड आपल्यापेक्षा जास्त. पारपत्रावरसुद्धा छापून मिळतं. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचलेगिरी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांनी पानापानाने शोधली, मार्च २०११ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. तरी फार भाबडे होऊ नका. फ्रांझिस्का गिफाय यांनी २०२१ मध्ये प्रबंधाच्याच भानगडीत केंद्रीय मंत्रिपद सोडलं, डॉक्टरेट गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या बर्लिनच्या महापौर झाल्या.

कट्ट्यावरचा

बर्लिन कशाला, लाहोरला जा की. पाकिस्तानात मुशर्रफ यांनी २००२ च्या निवडणुकीला पदवीची अट घातली आणि पदव्यांचं पीक आलं. २०१० मध्ये खासदार जमशेद दस्ती यांची पदवी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली. इस्लामी विषयातले एम.ए., पण कुराणाबद्दलचे साधे प्रश्न आले आणि साहेब अडकले. राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली, तेच निवडून आले. बलुचिस्तानचे मुख्यमंत्री रईसानी तेव्हा म्हणाले होते, डिग्री ही डिग्री असते, असली असो वा नकली. तोमर यांचंही तसंच. २०१५ ची निवडणूक रद्द झाली जानेवारी २०२० मध्ये, टर्म संपता संपता. पुढच्याच महिन्यात त्याच जागेवरून त्यांच्या पत्नी आमदार. ताई, तुम्ही कागद जमवा, पण तो माणूस पडेल या आशेवर नको.

उंबरठ्यावरची

सगळ्यांचे आभार. पडण्या-निवडून येण्याशी मला खरंच देणंघेणं नाही.

अर्ज माझ्या मामेभावाच्या नावाने करायचा ठरलाय, तो पुण्यात असतो आणि कुणाच्या संस्थेत नोकरीला नाही. 'डॉ.' चं मात्र राहिलं. कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय शांती' वगैरे नावाच्या संस्थेने हॉटेलात कार्यक्रम करून मानद डॉक्टरेट दिल्याचा फोटो मिळालाय. त्याचं काही करता येतं का?

निवृत्त परीक्षा विभाग

पदवी द्यायचा हक्क कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तशी मान्यता मिळालेल्या विद्यापीठालाच आहे, अनुदान आयोग कायदा १९५६, कलम २२. हॉटेलातल्या संस्थेला नाही. मानद पदवी खऱ्या विद्यापीठाची असली तरी नावापुढे 'डॉ.' लावू नये असा संकेत आहे. पण फ्लेक्स म्हणजे शपथपत्र नव्हे. त्यामागे ताकद घालवू नका. शपथपत्रात 'डॉ.' लिहिलंय का तेवढं बघा.

पक्षकार नव्हे वकील

सहमत. आणि हे सगळं करण्याआधी एक काम उद्याच उरका: २०१६ च्या शपथपत्राची प्रमाणित प्रत मागा. निवडणुकीची जुनी कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली जातात. तुमच्याकडे आत्ता आहे ती फोटोकॉपी की संकेतस्थळावरून उतरवलेली?

उंबरठ्यावरची

मोबाइलवर काढलेला फोटो आहे, तेव्हा कार्यालयाच्या फलकावर लावलं होतं त्याचा. सही आणि तारीख स्पष्ट दिसते. उद्या सकाळी मामेभावाकडून अर्ज टाकवते. मसुदा इथे देऊ का, की वकीलसाहेबांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?