मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलीसाठी फॉरेन्सिकची, म्हणजे गुन्ह्याच्या तपासातल्या विज्ञानाची पुस्तकं (गोष्टींची नकोत, खरी माहिती पाहिजे)

नमस्कार मंडळी, आधीच सांगते, पोस्ट लांब झालीय.

लेक पाचवीत, सेमी इंग्लिश. सासरे संध्याकाळी कूलर लावून क्राईमची सीरियल पाहतात आणि ही त्यांच्या बाजूला, खूळ शिरलं ते तिथूनच. मागच्या आठवड्यात फ्रिजमधली संत्रा बर्फी कोणी संपवली ते शोधायला हिने माझ्या मेकअपच्या ब्रशने स्टीलच्या डब्यावर पावडर फिरवली. सासरे म्हणाले, "काय करून राहिली बाप्पा?" तर म्हणे, "आबा, अंगठा द्या." कागदावर पेन्सिल खसाखसा घासायची, त्यावर अंगठा दाबायचा, वरून सेलोटेप आणि मग ती टेप वहीत. घरातल्या सगळ्यांचे ठसे झाले. आजीने लगेच कोणाला किती शंख किती चक्रं मोजून दाखवलं, दाही चक्रं म्हणजे राजयोग वगैरे. डब्यावर निघाले कोणाचे, तर माझे! रोज उचल-ठेव मीच करते ना. (बर्फी आबांनीच खाल्ली होती, मिशीत कण होते.)

तर आता ही आवड सीरियलच्या भरवशावर सोडायची नाही असं ठरवलं. इथे नागपुरात बर्डीवर एका दुकानात विचारलं तर काकांनी डिटेक्टिव्ह कथांचा गठ्ठा समोर ठेवला, "तेच असते ताई, पोट्टे हेच वाचतात." तेच नसतं ना पण! मराठीत या वयासाठी मला तरी काही भेटलं नाही, म्हणून इंग्रजीतली दोन ऑनलाइन मागवली. एकात नुसतं अमेरिकेतले पोलीस, एफबीआय आणि शेरीफ, ठशांचं प्रकरण थेट लंडनपासून सुरू. अहो १८९७ मध्ये जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो कलकत्त्यात निघालं, वर्गवारीचं किचकट गणित बसवलं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, आणि पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्री. हे पोरीला मीच सांगितलं, पुस्तकात एक ओळ नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या कव्हरवर लिहिलंय आठ वर्षांपासून पुढे, आणि आत मृतदेहाचे फोटो. मी ती चार पानं स्टेपल करून टाकली. दोन दिवसांनी पाहते तर पिना जागच्या जागी, फक्त प्रत्येक पिनेच्या बाजूला जास्तीची दोन भोकं. म्हणजे काढून, वाचून, परत मारल्या. ओरडू की शाबासकी देऊ कळेना. त्याच रात्री जेवताना विचारते, "आई, मेल्यावर माणूस किती वेळात थंड होतो?" वरणभात घशातच राहिला.

मी तिला तेराव्या शतकातल्या चीनमधली, सोंग त्स नावाच्या न्यायाधीशाने लिहून ठेवलेली केस सांगितली होती, विळ्याने खून झाला म्हणून गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले आणि माशा एकाच विळ्यावर बसल्या. तर हिचा प्रश्न, रक्त पुसलं होतं तर माशांना कसं कळलं? मला नाही सांगता आलं. असे प्रश्न घेणारं पुस्तक पाहिजे, मराठी असेल तर फारच छान, सोपं इंग्रजी चालेल. आणि या वयात मरणाबिरणाचं किती दाखवायचं, तुम्ही काय करता?

प्रतिसाद: धरमपेठची मावशी
नागपुरातच सरकारी कॉलेजात फॉरेन्सिक शिकले म्हणून लिहिते. माशांना वासाने कळतं. पुसलेल्या धातूवर आणि मुठीच्या फटीत आपल्याला न दिसणारं रक्त राहतंच. आता त्यासाठी ल्युमिनॉल नावाचं रसायन मारतात, रक्तातल्या लोहामुळे ते अंधारात निळं चमकतं, पण ब्लीचनेही चमकतं म्हणून पुढची टेस्ट करावीच लागते. पुस्तक घेताना मी हेच पाहते, पद्धत कुठे फसते ते लिहिलंय का. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर एफबीआयने ठसा जुळला म्हणून अमेरिकेतल्या एका वकिलाला पकडलं होतं, स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा काढला. नुसतं मशीनमध्ये टाकलं की नाव आलं असं लिहिणारं पुस्तक सरळ परत ठेवा. मृतदेहाची प्रकरणं तुम्ही सोबत बसून वाचा, पिना मारून उपयोग नाही ते तर कळलंच तुम्हाला 😄 आणि थंड होण्याचं उत्तर द्या, साधारण तासाला एखाद डिग्री, पण आपल्या मे महिन्यात ते गणित पार बिघडतं, बाहेरच अंगापेक्षा जास्त गरम असतं.

प्रतिसाद: तर्रीवाला
खून पाहिजेच कशाला पण? आपण विदर्भातले, वाघाचं पुस्तक द्या. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोवरून ताडोबात कोणता वाघ कोणता ते ओळखतात, ठशांसारखंच झालं ना. पकडलेलं कातडं, हाडं, नखं कोणत्या प्राण्याची ते डीएनएवरून काढतात, हैदराबादला सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत होतं हे काम. माझ्या पोराला मी याच रस्त्याने आणलं. अजून एक, काळ्या स्केचपेनचा ठिपका टिश्यूवर देऊन खालचं टोक पाण्यात बुडवा, रंग वेगळे होऊन वर चढतात आणि दोन कंपन्यांचे काळे वेगवेगळे निघतात. बॉलपेनने नाही होत, आम्ही अर्धा तास वाट पाहत बसलो होतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. स्केचपेनचं आजच केलं, एका काळ्यातून निळा आणि गुलाबी निघाला, दुसऱ्यातून पिवळापण. आता तिला घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या तपासायच्या आहेत, किराण्याच्या यादीपासून. मरणाच्या प्रकरणाला उद्या तिच्यासोबत बसते, पिना काढल्या मी. वाघाच्या डीएनएचं लहान मुलांना झेपेल असं मराठी पुस्तक कोणी पाहिलंय का? रविवारी रमण विज्ञान केंद्रात जातोय, येताना बर्डीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत शोधीन, नाव तरी सांगा.