मदत हवी आहे : यूपीआय इतकं वाढलं, तरी रोकड कमी का होत नाही? (एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प)

नमस्कार मंडळी,

मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बहिःस्थ. राहते ठाणे पूर्वेला, कोपरीत. घरचं किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी गल्ल्यावर मीच बसते. प्रकल्पाला विषय घेतलाय 'पैसे देण्याच्या बदलत्या पद्धती आणि पैशाची मागणी'. मार्गदर्शक मॅडमनी गृहीतक लिहून दिलंय : डिजिटल व्यवहार वाढले की पैशाची मागणी (लोकांना जवळ किती पैसा बाळगावासा वाटतो ती रक्कम) घटते. पुस्तक वाचताना हे पटतं, गल्ल्यावर बसलं की पटत नाही. जाणकारांनी जरा वाट दाखवावी म्हणून हा धागा.

आधी आकडे. मार्च २०१६ अखेर देशात चलनात असलेल्या नोटांची किंमत साधारण १६.४ लाख कोटी रुपये होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. आणि नोटा? मार्च २०२५ अखेर ३६ लाख कोटींच्या वर. म्हणजे दोन्ही वाढलं. जीडीपीच्या तुलनेत पाहिलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं : करोनाच्या वर्षात हे प्रमाण १४ टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, ते नंतर ११-१२ टक्क्यांपर्यंत उतरलं. पण यूपीआयची झेप बघता ही उतरण अगदीच मामुली आहे.

अभ्यासक्रमात बॉमोल (१९५२) आणि टोबिन (१९५६) या अर्थतज्ज्ञांचं प्रतिमान (मॉडेल) आहे. पगार बँकेत जमा होतो, खर्च रोखीने होतो. बँकेत ठेवलं तर व्याज मिळतं, काढायला गेलं तर खेपेचा खर्च पडतो. मग एका वेळी किती काढावेत? उत्तरात वर्गमूळ येतं. मी एक उदाहरण सोडवलं. महिन्याचा रोख खर्च ४०,०००, प्रत्येक खेपेचा खर्च २५ रुपये, व्याज महिन्याला अर्धा टक्का. उत्तर येतं : एका वेळी २०,००० काढा, म्हणजे सरासरी १०,००० हातात राहतात. आता यूपीआयमुळे रोख खर्च पावपट झाला, १०,००० वर आला असं धरा. उत्तर येतं : एका वेळी १०,००० काढा, सरासरी ५,००० हातात. खर्च चौथ्या हिश्शावर आला, पण हातातली रोकड निम्मीच झाली! गणितच सांगतंय की रोकड खर्चाच्या वेगाने घटणार नाही. इथवर मला समजलं.

खरी अडचण पुढे आहे, ती आमच्या दुकानात.

यूपीआयच्या आधी बाबांना एटीएमशी फारसं देणंघेणं नव्हतं. दिवसभरात गिऱ्हाइकांकडून रोकड यायची. त्यातूनच टेम्पोवाल्याचं भाडं, हमाली, दूधवाला, दुकानातल्या मुलाचा पगार असं सगळं निघायचं, उरलेलं बँकेत. आता साउंडबॉक्स दिवसभर बोलतो आणि गल्ला रिकामा. पाच रुपयांच्या शाम्पूच्या पुडीलाही क्यूआर. माल वाशीच्या दाणाबंदरातून येतो, त्या व्यापाऱ्याचे पैसे आम्ही बँकेतूनच पाठवतो, तिथे काही अडत नाही. पण माल उतरवणारे रोख मागतात, टेम्पोवाला निम्मं रोख मागतो, मुलाला पगार रोख हवा कारण त्याला गावी पाठवायचे असतात आणि घरी आईचं खातं चालू नाही. त्यामुळे बाबा आता एटीएमला जातात. मोफत खेपा संपल्या की दर खेपेला २३ रुपये अधिक कर. पूर्वी शेजारचे लोक 'पाचशे यूपीआय करतो, तेवढी कॅश द्या' म्हणत यायचे आणि बाबा हसत द्यायचे. आता नाही म्हणतात. उलट ओळखीच्या गिऱ्हाइकाला तेच हळूच विचारतात, 'रोख आहेत का हो?' आणि माल उतरायच्या दिवसासाठी पाचशेच्या नोटा वेगळ्या काढून खणात ठेवतात, जे ते आधी कधीच करत नव्हते.

म्हणजे गिऱ्हाइकाची रोकडीची गरज कमी झाली, पण आमची वाढली. पैसे आपल्याकडे कसे येतात यापेक्षा ते पुढे कोणाला द्यायचेत, यावर रोकड ठरते असं मला दिसतंय. हे प्रतिमानात कुठे बसवायचं?

दुसरं, गृहीतकातला 'पैसा' म्हणजे नेमकं काय धरायचं? यूपीआयचे पैसे बचत खात्यातून जातात, आणि मागणी ठेवी (खात्यातली हवी तेव्हा काढता येणारी रक्कम) तर एम१ मध्येच आहेत, म्हणजे लोकांकडची रोकड आणि अशा ठेवी मिळून जो पैसा मोजतात त्यात. मग रोकड घटून खात्यात शिल्लक वाढली तर मागणी घटली म्हणायची की नुसती कूस बदलली म्हणायची? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, सर्वेक्षण करून बघ. पण लोकांना 'घरात रोख किती ठेवता' विचारलं की चेहरा बंद होतो. हे कसं विचारावं, तेही सांगा. महिनाअखेरीस प्रश्नावली द्यायची आहे.

प्रतिसाद

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. गृहीतकात 'पैशाची मागणी' न लिहिता 'रोकडीची मागणी' लिहा. एम१ ची मागणी हा वेगळा प्रश्न आहे आणि ठाण्यात शंभर लोकांना विचारून त्याचं उत्तर मिळणार नाही. रोकडीतून खात्याकडे सरकणं हा एम१ च्या आतलाच बदल आहे. त्यातही एक पेच आहे : आपल्याकडे बचत खात्यातली रक्कम सगळीच्या सगळी मागणी ठेव धरत नाहीत. दर महिन्याची जी किमान शिल्लक असते तिच्या सहामाही सरासरीइतका भाग मुदत ठेवीत जातो, उरलेला मागणी ठेवीत. यूपीआयने खातं सतत हलतं राहिलं तर ही विभागणीही हलू शकते. प्रकल्पात यावर एक परिच्छेद लिहाच, परीक्षकांना आवडेल.

दुकानाबद्दल. बॉमोल-टोबिनमध्ये उत्पन्न बँकेत येतं आणि खर्च रोख होतो. हा पगारदार माणूस आहे. जुना दुकानदार असा नव्हताच, त्याच्याकडे रोकड दोन्ही बाजूंनी वाहत होती. अशांसाठी मिलर आणि ऑर यांचं १९६६ चं प्रतिमान आहे : शिल्लक वरखाली होत राहते, वरच्या मर्यादेला टेकली की बँकेत भरायची, खालच्या मर्यादेला टेकली की काढायची. यूपीआयने तुमच्या बाबांची आवक बंद केली आणि जावक तशीच ठेवली. म्हणजे त्यांना मिलर-ऑरमधून उचलून बॉमोल-टोबिनमध्ये आणून बसवलं. तुमचं निरीक्षण सिद्धांताच्या विरोधात जात नाही, फक्त दुकानदार एका प्रतिमानातून दुसऱ्यात गेलाय. प्रकल्पाचा गाभा हाच ठेवा.

घरात किती आहेत हे अजिबात विचारू नका. विचारा : शेवटचे पैसे कधी काढले, किती काढले, काढायला गेलात तेव्हा खिशात किती शिल्लक होते. पहिल्या दोन उत्तरांवरून व्यवहारासाठीची रोकड निघते. तिसरं उत्तर म्हणजे अर्थतज्ज्ञ केन्सने सांगितलेला सावधगिरीचा हेतू (अचानक गरज पडली तर म्हणून जवळ ठेवलेले पैसे), तो लोक नकळत सांगून जातात.

प्रतिसाद

आणखी एक बाजू विसरू नका. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. रोकडीला माग राहत नाही, हेही तिच्या मागणीचं एक कारण आहे. आणि चलनातल्या नोटांच्या किमतीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या पाचशेच्या नोटेचा आहे. भाजी-दुधाच्या सुट्ट्यासाठी एवढे पाचशे लागत नाहीत, बराचसा पैसा साठवणुकीत असणार. व्यवहारातली रोकड आणि साठवणुकीतली रोकड वेगळी मोजा, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मिलर-ऑर आम्हाला अभ्यासक्रमात नाही, पण वाचायला घेतलंय. आता असं ठरवलंय : दोन गट करायचे. एक पगारदार घरांचा, एक छोट्या दुकानदारांचा. दुकानदारांना अजून एक प्रश्न विचारणार : आलेल्या पैशांपैकी रोख किती, आणि द्यायच्या पैशांपैकी रोख किती. या दोन्हींतला फरक जितका मोठा तितकी एटीएमची खेप जास्त, असं माझं नवीन गृहीतक. मॅडमनी होकार दिलाय.

साठवणुकीचा प्रश्न मात्र दुकानदारांना विचारणार नाही. आमच्या गल्लीत मला सगळे ओळखतात, उत्तर खरं मिळणार नाही आणि उगाच संशय येईल. त्या भागासाठी रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातले नोटांचे आकडेच वापरेन.

कोपरी आणि नौपाड्यातले दुकानदार मी गाठते. वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीकडे कोणाच्या ओळखीत किराणा, भाजी किंवा हार्डवेअरवाले असतील आणि दहा मिनिटं देतील, तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. नाव-पत्ता लिहून घेणार नाही. दुपारी दोन ते चार दुकानं रिकामी असतात, त्या वेळात मी येऊ शकते.