मदत हवी आहे: दिवाळीचा फराळ मध्य लंडनमध्ये पोचवायचा आहे. कंजेशन चार्ज आणि युलेझ कसे भरायचे, गाडी कुठे थांबवायची?

लेस्टरकर
नमस्कार मंडळी. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. त्याआधी फराळाचे ४० खोके लेस्टरहून लंडनला न्यायचे आहेत. २५ खोके हॉबर्नजवळच्या एका ऑफिसात द्यायचे आहेत आणि १५ युस्टन स्टेशनशेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवरच्या दुकानात. शुक्रवार ६ किंवा शनिवार ७ नोव्हेंबर, दोन्ही दिवस चालतील. ऑफिसच्या रिसेप्शनला शनिवारीही माणूस असतो.
गाडी २०१४ ची डिझेल व्हॅन आहे, साडेतीन टनांच्या आतली, उंच छपराची. सोबत भारतातून आलेले आई-बाबा असतील, त्यांना त्याच दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटला खरेदी करायची आहे. आईचे गुडघे दुखतात.
प्रश्न असे: किती पैसे भरायचे, केव्हा भरायचे, माल उतरवायला कुठे थांबायचं आणि आई-बाबांना दुकानांपर्यंत कसं न्यायचं?

उंबरठा
आधी एक गोष्ट पक्की करा: कंजेशन चार्ज आणि युलेझ ही दोन वेगळी शुल्कं आहेत. एकाचे पैसे भरले म्हणजे दुसऱ्याचे भरले असं होत नाही. सगळ्यात जास्त दंडाच्या नोटिसा याच गैरसमजातून येतात.
युलेझ म्हणजे गाडीच्या धुरावरचं शुल्क. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू आहे. चोवीस तास चालतं, सुट्टी फक्त २५ डिसेंबरला. धुराच्या मानकांपैकी पेट्रोल गाडीला युरो ४ आणि डिझेलला युरो ६ हवं. २०१४ ची डिझेल व्हॅन बहुतेक युरो ५ असते, म्हणजे दिवसाला १२.५० पौंड. टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक संस्थेच्या) साइटवर नंबर प्लेट टाकून खात्री करून घ्या, तर्कावर जाऊ नका.
कंजेशन चार्ज धुरावर नाही, मध्य लंडनच्या हद्दीतल्या गर्दीवर आहे. गाडी कितीही नवी असली तरी लागतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेला दुपारी १२ ते संध्याकाळी ६. २ जानेवारी २०२६ पासून तो १८ पौंड झाला आहे. आधी किंवा त्याच दिवशी भरला तर १८, पुढच्या तीन दिवसांत भरला तर २१. दिवसातून कितीही वेळा आत-बाहेर केलं तरी एकदाच भरायचा.
हॉबर्न कंजेशन हद्दीच्या आत आहे. ड्रमंड स्ट्रीट युस्टन रोडच्या उत्तरेला, म्हणजे हद्दीबाहेर. मॅरिलबोन रोड आणि युस्टन रोड हे हद्दीचेच रस्ते आहेत, त्यांवरून जायला कंजेशन चार्ज लागत नाही.

रानवारा
मग सोपं आहे, शनिवारी सकाळी या. १२ च्या आत सगळं फुकट.

उंबरठा
@रानवारा, कंजेशनपुरतं खरं आहे. युलेझ शनिवारी सकाळीही लागतोच.
या व्हॅनचा हिशोब असा. शुक्रवारी दुपारी दोन्हीकडे गेलं तर १८ + १२.५० = ३०.५० पौंड. शनिवारी हॉबर्नचं काम आटोपून १२ च्या आत युस्टन रोडच्या उत्तरेला आलं तर फक्त १२.५०. शुक्रवारीच जायचं असेल तर पहाटे हॉबर्नला माल उतरवून ७ च्या आत बाहेर पडा, तरीही १२.५० च. पण कॅमेरे फक्त वेशीवर नसतात, आतल्या रस्त्यांवरही असतात. ७ वाजता तुम्ही बाहेर असायला हवं, बाहेर पडायच्या वाटेवर असून भागत नाही. म्हणून ६.४० ला हॉबर्न सोडा.

लेस्टरकर
मनापासून आभार. गुरुवारी रात्री ११ ला येऊन पहाटे परतलो तर? आणि एका दिवसापुरती नवी व्हॅन भाड्याने घ्यावी का?

उंबरठा
गुरुवारची रात्र नको. युलेझचा दिवस मध्यरात्री बदलतो. ११ ला आत आलात आणि १ ला बाहेर पडलात तर दोन दिवस धरून २५ पौंड.
युरो ६ व्हॅन घेतली तर शनिवारी सकाळी काहीच भरावं लागणार नाही, पण १२.५० वाचवायला दिवसाचं भाडं कोण देईल? महिन्याला आठ-दहा फेऱ्या होणार असतील तर मात्र गाडी बदलण्याचा विचार जरूर करा. इलेक्ट्रिक व्हॅनला कंजेशनमध्ये ५० टक्के सवलत आहे, म्हणजे ९ पौंड. त्यासाठी ऑटो पे (आपोआप पैसे कापले जाणारं) खातं हवंच, नाहीतर पूर्ण १८ जातात. इलेक्ट्रिक गाड्यांना पूर्वी मिळणारी पूर्ण माफी २५ डिसेंबर २०२५ ला संपली. जुने लेख वाचून लोक अजून तसंच धरून चालतात.

हमालपथ
आता माल उतरवण्याबद्दल. पैसे वाचवाल आणि चुकीच्या जागी थांबून त्याच्या कितीतरी पट घालवाल, तेव्हा हे नीट वाचा.
रस्त्याच्या कडेला दुहेरी लाल रेघ असेल तर माल उतरवायलासुद्धा थांबायचं नाही, दोन मिनिटंही नाही. अशा लाल रेघांच्या मार्गावर आखलेला चौकोन आणि शेजारी फलक असेल तरच थांबायचं, तेही फलकावरच्या वेळेत आणि तिथे लिहिलेल्या मिनिटांपुरतं.
पिवळ्या रेघेवर माल चढवता-उतरवता येतो, पण रेघेइतकंच फुटपाथच्या कडेलाही बघा. तिथे पिवळ्या आडव्या खुणा असतात. एकेक खूण असेल तर फलकावरच्या वेळेत बंदी, जोडखूण असेल तर कधीच उतरवायचं नाही. गाडीत बसून हे दिसत नाही, उतरून पाहावं लागतं. आदल्या दिवशी नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूवर ऑफिसच्या मागची गल्ली बघून ठेवा आणि रिसेप्शनला विचारा की मालाचं दार कोणत्या रस्त्यावर आहे. मोठ्या इमारतींना ते बहुधा मागे असतं.
२५ खोके हाताने न्यायला फेऱ्या फार होतात. घडीची ट्रॉली आणा, एका वेळी ५-६ खोके नेले की पाच फेऱ्यांत काम होतं. चिवडा वर, लाडू खाली. व्हॅनमध्ये ड्रमंड स्ट्रीटचे १५ आत आणि हॉबर्नचे २५ दाराशी ठेवा, म्हणजे गल्लीत उभं राहून उलथापालथ नको. गाडी बंद करून कुठे चहाला गेलात तर ते लोडिंग राहत नाही, पार्किंग होतं. माल सतत हलताना दिसला पाहिजे. डिलिव्हरी नोट डॅशबोर्डवर ठेवू नका, खिशात ठेवा. नोटीस आली तर वेळ लिहिलेली सही-शिक्क्याची प्रत हाच पुरावा.
ड्रमंड स्ट्रीटला पश्चिमेकडून, मॅरिलबोन रोडने थेट येणार असाल तर एक सूचना. डावी लेन धरा, युस्टन अंडरपासमध्ये उतरू नका. खाली गेलात तर हॅम्पस्टेड रोडचं डावं वळण हुकतं. आणि त्याच चौकात चुकून उजवीकडे टॉटनहॅम कोर्ट रोडला वळलात की कंजेशन हद्दीत शिरलात. एचएस२ या नव्या वेगवान रेल्वेच्या कामामुळे युस्टनभोवतीच्या गल्ल्या वरचेवर बंद असतात, त्यामुळे सकाळी निघताना रस्ता पुन्हा तपासा.

दोन पिशव्या
आई-बाबांसाठी: व्हॅन घेऊन ऑक्सफर्ड स्ट्रीटला जायचा विचारही करू नका. तिच्या बऱ्याच भागात दिवसा खासगी गाडीला मनाई आहे, आणि उंच छपराची व्हॅन बहुमजली पार्किंगच्या दारावरच्या दांडीखालून जात नाही.
त्यांना वॉटफर्ड जंक्शनला उतरवा. एम१ च्या जंक्शन ५ पासून जवळ आहे आणि युलेझच्या बाहेर. तिथून युस्टनला जलद गाडी साधारण २० मिनिटांत पोचते. स्टॅनमोरला पार्किंग आहे, ट्यूबची (भुयारी रेल्वेची) ज्युबिली लाइन थेट ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या बाँड स्ट्रीट स्टेशनला जाते, म्हणून लोक तेच सुचवतात. पण स्टॅनमोर हॅरो बरोत येतं, म्हणजे तुमच्या व्हॅनला तिथेही युलेझ.
युस्टनहून पुढे ट्यूब दोनच स्टेशनं आहे, पण तिथल्या ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनला लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर बस बरी, सगळ्या बसची पायरी खाली असते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. दोघांना दोन वेगळी कार्डं द्या, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि दिवसभर तेच कार्ड वापरा. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी फोनवरचं तेच कार्ड टेकवलं तर यंत्रणा ती दोन वेगळी कार्डं धरते आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू होत नाही.
खरेदी जड झाली तर बहुतेक मोठी दुकानं घरपोच पाठवतात, बिल करतानाच विचारा.

लेस्टरकर
शनिवारचं ठरवतो. सकाळी ८ ला वॉटफर्ड, मग हॉबर्न, मग ड्रमंड स्ट्रीट. पैसे भरताना काय काळजी घ्यायची?

उंबरठा
क्रम बरोबर आहे. आतलं काम आधी, बाहेरचं नंतर. उशीर झाला तरी ड्रमंड स्ट्रीटला १२ ची अडचण नाही.
पैसे टीएफएलच्या स्वतःच्या साइटवर किंवा अ‍ॅपवरच भरा. शोध घेतला की वर जाहिरातीतल्या साइट दिसतात, त्या जादा पैसे घेतात. नंबर प्लेट टाकताना इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांत गफलत होते. गाडीसमोर उभं राहून टाका. तारीख प्रवासाची निवडा. युलेझ प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतो, म्हणजे शनिवारचा मंगळवारपर्यंत. पण दिवाळीच्या धांदलीत राहून जाईल, म्हणून शुक्रवारीच भरून टाका.
राहिलंच तर १८० पौंडांची नोटीस येते, १४ दिवसांत भरली तर ९०. ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर जाते. लॉगबुकावर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जुना पत्ता असेल तर नोटीस तिकडे पडून राहते आणि रक्कम वाढत जाते, तेव्हा पत्ता आजच बघा. पावतीचा क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा.

लेस्टरकर
पत्ता जुनाच निघाला. आजच बदलायला टाकतो.