पुच्चिनीचं जन्मघर (लुक्का, इटली): आईला घेऊन जायचंय, सल्ला हवा

सावनी_ठाणे

नमस्कार मंडळी,

मेच्या अखेरीस आईला घेऊन इटलीला जातेय. मुक्काम फ्लॉरेन्सला, शेवटी रोम आणि तिथूनच परत. आई जन्मभर नाट्यसंगीत ऐकत आलीय. मध्यंतरी एनसीपीएत मेट ऑपेराचं प्रक्षेपण होतं तेव्हा तिला पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'ला बोएम' हा ऑपेरा दाखवायला नेलं. भाषा कळत नव्हती, पण नायिका मिमी मरते त्या प्रसंगाला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तेव्हापासून घरात पुच्चिनी सुरू आहे. नकाशात पाहिलं तर त्याचं जन्मघर फ्लॉरेन्सपासून लांब नाही, तिथे संग्रहालय आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "उफ्फीझीचं चित्रसंग्रहालय राहिलं तरी चालेल, हे बघूया."

विचारायचं ते असं: फक्त या घरासाठी लुक्काला जावं का? सकाळी जाऊन रात्री परत येता येईल ना? आईचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडं चालतं. आणि तिथून जवळच तोर्रे देल लागो गावातही त्याचं घर आहे म्हणतात, दोन्ही करावीत की एकच?

---

घाटमाथा

मी मिलानजवळ राहतो, लुक्काला जाणं होत असतं. जरूर जा. मात्र "फक्त घरासाठी" जाऊ नका, सगळ्या गावासाठी जा. घर छोटं आहे. निवांत पाहिलं तरी तास-सव्वा तासात होतं. नुसतं तेवढं पाहून परतलात तर इतक्या लांब येऊन काय पाहिलं असं वाटेल. आजूबाजूच्या चार गल्ल्या धरल्यात तर दिवस कमी पडेल.

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून थेट लोकल गाड्या आहेत, साधारण दीड तास धरून चला. आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून मगच चढा, नाहीतर दंड बसतो. लुक्काचं स्टेशन तटबंदीच्या अगदी बाहेर आहे. आत शिरलं की सगळं पायी, आणि सपाट.

मी पाहुण्यांना कधीच थेट घरी नेत नाही. आधी सान मार्तीनो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च. १७४० पासून पुच्चिनी घराण्यातल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या इथे ऑर्गन वाजवला आणि संगीत बसवलं. पणजोबांचे वडील जाकोमो, त्यांचा मुलगा आंतोनियो, मग दोमेनिको, मग मिकेले आणि मग आपला जाकोमो, म्हणजे हाच पुच्चिनी. वडील मिकेले १८६४ साली गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. तरीही गावाने ठरवून टाकलं की ऑर्गनवादकाची जागा मामाने सांभाळायची आणि पोरगा वाजवण्याजोगा झाला की त्याच्या हवाली करायची. पाच वर्षांच्या मुलासाठी राखून ठेवलेली नोकरी! हे डोक्यात ठेवून त्या चर्चमध्ये उभं राहिलं की पुढचं घर वेगळंच दिसतं.

तिथून दोन मिनिटांवर सान जोव्हान्नी. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला. मग सान मिकेलेचा चौक. त्याला लागूनच व्हीया दी पोज्जो ही गल्ली, आणि पुढे छोटासा पियात्सा चित्तादेल्ला. तिथे पुच्चिनीचा ब्राँझचा पुतळा आहे, १९९४ सालचा, व्हीतो तोंजानी या शिल्पकाराचा. खुर्चीत ऐसपैस, पायावर पाय टाकून बसलाय आणि हातात सिगारेट. त्याच सिगारेटींपायी घशाचा कर्करोग झाला आणि १९२४ मध्ये ब्रसेल्सला उपचारांदरम्यान तो गेला. तरी गावाने पुतळा सिगारेटसकटच केला.

घर तिथेच, कोर्ते सान लोरेन्त्सो ९. तिकीटघर मात्र चौकात आहे, आधी तिकडे जा. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांबद्दल त्यांना आधी ईमेल करून विचारा. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं.

---

अनाहत

घाटमाथांनी रस्ता दाखवलाच आहे, मी आतल्याबद्दल लिहिते.

२२ डिसेंबर १८५८ ला तो जन्मला ती खोली इथे आहे. घरातलं सामान, घराण्यातल्या लोकांची चित्रं, पत्रं, सुरुवातीच्या रचनांची हस्तलिखितं असं सगळं खोल्याखोल्यांतून मांडलंय. आई १८८४ मध्ये गेल्यावर घर भावंडांकडे राहिलं नाही. तंगी होती, मेहुण्याला विकावं लागलं. पण विकताना परत घेण्याची अट घालून ठेवली होती, आणि 'मानोन लेस्को' हा ऑपेरा १८९३ मध्ये गाजल्यावर हाती पैसा आला तेव्हा पुच्चिनीने ते सोडवून घेतलं. तो तिथे पुन्हा राहायला गेला नाही. भाड्याने दिलं, पण घर सोडलं नाही. तुमच्या आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या घराकडे नुसतं जुनं सामान म्हणून बघणार नाहीत.

दोन वस्तूंपाशी थांबा.

एक म्हणजे स्टाइनवे पियानो. यावर त्याने 'तुरांदोत' हा शेवटचा ऑपेरा रचला. रचला म्हणजे जेवढा झाला तेवढा. लिऊ नावाची दासी मरते, तिची अंत्ययात्रा निघते, तिथवर स्वरलेखन पुरं झालं होतं. शेवटच्या युगुलगीताची टिपणं तो ब्रसेल्सला सोबत घेऊन गेला होता, ती तशीच राहिली. पुढे फ्रांको आल्फानो या संगीतकाराने त्यावरून शेवट पुरा केला. पण २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानीनीने लिऊच्या मृत्यूनंतर छडी खाली ठेवली आणि उस्तादाने इथवरच लिहिलं असं प्रेक्षकांना सांगून प्रयोग थांबवला. त्या पियानोपाशी गेलात की आईंना हेडफोन लावून लिऊचं शेवटचं गाणं आणि त्यामागून येणारा समूहस्वर ऐकवा. त्यातलं 'नेस्सुन दोर्मा' हे गाणं सगळेच ऐकतात. या जागी ऐकायचं ते लिऊचं.

दुसरी वस्तू म्हणजे तुरांदोतचा, म्हणजे त्यातल्या नायिकेचा पोशाख. १९२६ मध्येच न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये मारिया येरित्सा या गायिकेने घातलेला. नाटक मंडळ्यांचे भरजरी शालू, शेले यांबद्दल ऐकत वाढलेल्या बाईला या काचेसमोरून हलवणं अवघड जाईल, तेव्हा वेळ राखून ठेवा.

आणखी एक. नाट्यसंगीताच्या कानाला ऑपेरात एक गोष्ट खटकू शकते. आपल्याकडे पद रंगलं की गायक ते वाढवतो, त्या दिवशीचा मूड आणि समोरची बैठक पाहून आलापी, ताना घेतो. पुच्चिनीत तसं नाही. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे हळू करायचा हे बहुतेक सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि शंभर वाद्यं त्यावर चालतात. गायकाचं स्वातंत्र्य सुराच्या रंगात आणि शब्द टाकण्यात. हे कळलं की हस्तलिखितांच्या काचेपाशी बघण्यासारखं खूप आहे.

---

मावळतीकर

माझं मत थोडं वेगळं आहे. एकच करायचं असेल तर मी तोर्रे देल लागो म्हणेन. लुक्कात तो जन्मला, पण जगला तो मास्साच्युक्कोली तळ्याच्या काठी. 'ला बोएम', 'तोस्का', 'मादामा बटरफ्लाय' यांचं बरंचसं काम तिथलं. रात्री काम करायचं आणि पहाटे तळ्यावर पाणपक्ष्यांच्या शिकारीला जायचं असा त्याचा क्रम. त्या घराच्या आतच छोटी प्रार्थनेची खोली करून त्याला पुरलंय. आधी मिलानला तोस्कानीनी कुटुंबाच्या थडग्यात ठेवलं होतं, १९२६ मध्ये इथे आणलं. बायको आणि मुलगाही तिथेच. जिथे बसून सूर लिहिले तिथून चार पावलांवर समाधी, याचा परिणाम लुक्काच्या घरात येत नाही.

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याकाठी उघड्यावर पुच्चिनी महोत्सव असतो. १९३० पासूनची परंपरा आहे. तुम्ही मेमध्ये जाताय म्हणजे तो हुकणार, याची मात्र हळहळ वाटते.

---

घाटमाथा

मावळतीकर, समाधीबद्दल अगदी मान्य. पण सावनीताईंसोबत आई आहेत. लुक्काहून तिथे रेल्वेने जायचं तर व्हियारेज्जोला गाडी बदला, उतरल्यावर पुन्हा बरंच चाला, घर ठरावीक वेळांनाच आणि गटागटाने दाखवतात. दुखऱ्या गुडघ्यांनी एकाच दिवसात दोन्ही म्हणजे दोन्हीकडे घाई. मी तर म्हणेन लुक्कालाच एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवून सकाळी तळ्यावर जा. ते जमत नसेल तर निव्वळ लुक्का.

आणि जन्मघराला कमी लेखू नका. तळ्याकाठचं घर त्याने यश आल्यावर बांधलं. हा माणूस आला कुठून, ते लुक्कात दिसतं. सान पाओलीनो चर्च घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. १२ जुलै १८८० ला त्याच्या शिक्षणाच्या अखेरीची मोठी मास, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीची संगीतरचना, तिथे गायली गेली. बावीसचाही नव्हता. त्याआधी १८७६ मध्ये व्हेर्दी या संगीतकाराचा 'आईदा' हा ऑपेरा पाहायला तो पीसाला गेला होता, मित्रांबरोबर पायी गेला असं सांगतात. तिथून परतला तो चर्चचा ऑर्गन सोडून रंगभूमीकडे वळायचं ठरवूनच. ही चार पिढ्यांची नोकरी त्याने मोडली. त्या मोडण्याची किंमत कळायची तर आधी सान मार्तीनो आणि हे घर पाहायला हवं.

---

सावनी_ठाणे

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. पाच वर्षांच्या मुलासाठी जागा राखल्याचं ऐकून तिने ते परत वाचायला लावलं.

एक रात्र लुक्कात राहायचं ठरतंय. खाण्याचं कुणी सांगेल का? आणि संध्याकाळी काही ऐकायला मिळेल का?

---

भाजणीचं_थालीपीठ

खाण्याचं मी सांगते. चेचीना मागा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. मोठ्या परातीत भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडसर बहीणच. पिझ्झाच्या टपऱ्यांवर तुकडा मिळतो, गरमच घ्या.

तोर्देल्ली हा तिथला प्रसिद्ध पदार्थ, पण आत मटण-मांस असतं, तो नको. फार्रो या धान्याचं दाट सूप सांगतील. छान असतं, पण फोडणीला डुकराची चरबी घालणारे असतात. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा लार्दो" असं दोन्ही सांगा, नुसतं "कार्ने नको" पुरत नाही, कारण चरबीला कित्येकजण मांस धरत नाहीत.

गोडात बुक्चेल्लातो, मनुका आणि बडीशेपेच्या जातीचं आनीस घातलेला गोड पाव. सान मिकेलेच्या चौकात ताद्देउच्ची नावाची जुनी बेकरी आहे, १८८१ पासूनची. दोन दिवस आरामात टिकतो, रोमपर्यंत नेता येईल.

---

अनाहत

संध्याकाळसाठी: सान जोव्हान्नीत, म्हणजे त्याच्या बाप्तिस्म्याच्याच चर्चमध्ये, संध्याकाळी सातला पुच्चिनीच्या गाण्यांचे छोटे कार्यक्रम होतात. पियानो आणि एक-दोन गायक, साधारण तासाभराचा मामला. हंगामात जवळपास रोज असतात. पोशाख-नेपथ्य काही नसतं, पण गायक इतक्या जवळ उभा असतो की छातीतून श्वास भरताना दिसतो. तुमच्या आईंसारख्या श्रोत्याला मी भल्यामोठ्या नाट्यगृहाआधी हेच ऐकवेन. पुढची रांग मिळवा.

जाण्याआधी फ्लॉरेन्समध्ये एक करा. त्याच्या 'जान्नी स्कीक्की' या ऑपेरातलं 'ओ मियो बाब्बीनो कारो' हे गाणं पोन्ते व्हेक्कियो या पुलावर उभं राहून ऐका. त्यातली पोरगी बापाला विनवते की पोर्ता रोस्सात जाऊन अंगठी घ्यायचीय, लग्न झालं नाही तर पोन्ते व्हेक्कियोवर जाऊन आर्नो नदीत उडी घेईन. पोर्ता रोस्सा हा रस्ता पुलापासून पाच-सात मिनिटांवर आजही आहे. आणि रोममध्ये 'तोस्का'च्या तिन्ही अंकांच्या जागा खऱ्या आहेत: सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्च, पलाझ्झो फार्नेझे हा वाडा, कास्तेल सांत आंजेलो हा किल्ला. चर्च बघायला पैसे लागत नाहीत. किल्ल्यावर चढ आहे, तो आईंना समोरच्या पुलावरूनच दाखवा.

---

मावळतीकर

टॅक्सी करून तळ्यावर येणार असाल तर घराची वेळ आधी राखून ठेवा आणि डासांचं मलम विसरू नका, पाणथळ जागा आहे.

इतर वाचकांसाठी: ऑक्टोबरच्या अखेरीला लुक्कात कॉमिक्सचा प्रचंड मेळा भरतो, तेव्हा खोली मिळत नाही आणि गल्ल्यांतून चालता येत नाही. हिवाळ्यात जन्मघराच्या वेळाही आखडतात आणि मंगळवारी ते बंद असतं, तेव्हा वेबसाइट बघूनच दिवस ठरवा.

---

सावनी_ठाणे

सातचा कार्यक्रम नक्की! संग्रहालयाला गुडघ्यांबद्दल ईमेल केलाय. तटबंदीवरून आईला फिरवता येईल का? फोटोत फार सुंदर दिसतेय.

---

घाटमाथा

येईल की. वरचा रस्ता रुंद, सपाट, झाडांच्या सावलीचा आहे, मध्ये मध्ये बाकं. पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या वर होते, ती करू नका. वर जायला पायऱ्या टाळून उतरणीचा रस्ता धरा, असे बरेच आहेत. सान मार्तीनोच्या मागच्या बाजूने चढा आणि वाटेल तितकं चालून खाली या. सकाळी नऊच्या आत गेलात तर सायकलवाल्यांची गर्दी नसते.