खर्च करताना हात थांबला असा गेम कुठला? अनुभव लिहा

मांडवीपार
मंडळी, धागा काढतोय त्याला कारण मावसभाऊ. या पावसाळ्यात त्याने पहिल्यांदा स्कायरिम हा गेम लावला आणि आता म्हणतो कंटाळा आला. बघितलं तर गाठीला लाखावर सोनं आणि घ्यायला काही नाही. सुरुवात कशी असते आठवतं ना, व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम हे घर ५००० ला, तेवढे जमवायला मेलेल्या दरोडेखोरांच्या पायातले बूट पण काढून विकायचे, आणि घर मिळालं तरी आतलं सामान वेगळे पैसे मोजून. घोडा १००० ला, तो घ्यायचा की चालत जायचं यावर पण विचार होतो. मजा तिथवरच. पुढे सगळं उलटं, आपल्याकडे माल एवढा की दुकानदाराकडचेच पैसे संपतात, जनरल दुकानवाल्याकडे ७५०, लोहाराकडे १००० च्या आसपास, मग त्याच्या तोंडासमोर उभं राहून वेळ पुढे ढकलायचं टी बटण दाबायचं, २४ तास थांब, परत २४ तास थांब, गल्ला भरला की उरलेल्या तलवारी त्याच्या गळ्यात मारायच्या. वर सोन्याला वजन शून्य. तलवार उचलली तर पाठ वाकते, लाखभर नाणी मात्र हवेत.

तर विचारायचं ते हे. फॅन्टसी आरपीजी (जादू-राक्षसांच्या जगात एखादं पात्र होऊन खेळायचे गेम), ज्यात पैसे काढताना तुम्ही खरंच थांबलात. का थांबलात ते लिहा. स्वतः खेळलेलं हवं, यूट्यूबवर बघितलेलं नको. जीटीए, फिफावाल्यांनी दुसरीकडे जा. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

टिप्पर_डिचोली
गॉथिक. पहिला, २००१ चा. ग्राफिक्स बघून हसाल, हसा.

त्यात सोनं नाहीच मुळी. जादूच्या घुमटाखाली सगळे कैदी कोंडलेले, आणि नाणं म्हणजे त्यांच्या खाणीतून निघणारं ओअर, म्हणजे कच्चं खनिज. बाहेरच्या राजाला ऑर्क नावाच्या राक्षसी लोकांशी लढायची हत्यारं बनवायला तेच ओअर हवं, म्हणून तो आत खाणंपिणं, सामान पाठवतो आणि ओअर नेतो. म्हणजे ते खडे कोणाला तरी खरोखर पाहिजे आहेत, आणि ते कळल्यावर प्रत्येक खड्याकडे आपण वेगळ्याच नजरेने बघतो. ओल्ड कॅम्प या कैद्यांच्या वस्तीत पाऊल टाकलं की एक गार्ड येऊन बोलतो, संरक्षणाचे दहा दे. नाही दिले तर माणसं अंगावर घालतो. आणि त्यावेळी आपल्याकडे असतं काय, एक गंजकी तलवार आणि थोडं मांस. दहा ओअर देताना मी जेवढा विचार केलाय तेवढा स्कायरिममध्ये पाच हजार देताना नाही केला.

आता दुसरी गोष्ट. मी गोव्यातल्या डिचोलीचा, बाबांचे टिप्पर (खनिज वाहायचे ट्रक) खाणीवर लागलेले. गॉथिक पहिल्यांदा खेळलो तेव्हा शाळेत होतो आणि खाणी जोरात होत्या, रस्त्यावर दिवसभर टिप्परची रांग, झाडांची पानं पण लाल. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा टिप्पर दाराशी येऊन उभे राहिले. पावसात टायर मातीत रुतत गेले, केबिनवर वेल चढली, हप्ता चालूच. आणि नुसते आम्ही नाही ना. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, चहाचा गाडा, वाणी ज्याच्याकडे सगळ्या ड्रायव्हरांची वही, यातला एक जण पण खाणीत उतरलेला नाही, पण प्रत्येकाच्या गल्ल्यातली नोट फिरून फिरून तिथूनच आलेली. मधे परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद.

लॉकडाऊनमध्ये गॉथिक परत लावला. पुढे कथेत जुनी खाण कोसळते आणि ओल्ड कॅम्पवाल्यांचं डोकंच फिरतं, दुसऱ्यांची खाण बळकवायला निघतात. शाळेत असताना तो भाग म्हणजे नुसता पुढचा चॅप्टर होता, मारामारी वाढते एवढंच. या खेपेला मी गेम थांबवून बाबांना हाक मारली आणि दाखवलं. ते म्हणाले, "मग आता यांचे पगार कोण देणार?" आता त्या गेममध्ये पगार वगैरे भानगड दाखवलेलीच नाही, पण प्रश्न बरोबर होता.

खाजेवाला
गॉथिक २ पण लिहा कोणीतरी. मठात घ्यायला १००० सोनं आणि एक मेंढी. सोनं कसंतरी जमलं, मेंढी मागे चालवत न्यायला जास्त टेन्शन, वाटेत लांडगे.

मडगावचा_जुना
बाल्डर्स गेट २, २००० सालचा. सीडी कुठून आली विचारू नका, तेव्हा मडगावात सगळ्यांच्या सीडी एकाच ठिकाणाहून यायच्या.

यात अख्खा दुसरा चॅप्टर पैशावर उभा केलाय. तुमची मैत्रीण इमोएन तिला धरून नेलेलं, आणि शहरातला एक माणूस म्हणतो मी मदत मिळवून देतो, २०,००० आणा. पुढे तो १५,००० वर येतो ती गोष्ट वेगळी, पण पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा आमच्याकडे हजार पण नव्हते. तेवढ्यासाठी मग गावागावात जाऊन कोणाचा किल्ला सोडव, कोणाचं भूत पळव. आणि खरी गंमत म्हणजे त्याच शहरात अ‍ॅडव्हेंचरर्स मार्टचं दुकान, तिथे एकेक वस्तू अशी की बघून लाळ गळते. चांगलं धनुष्य घेतलं तर इमोएन अजून आठ दिवस तिकडेच. हे द्वंद्व मी नंतर कुठल्याच गेममध्ये इतकं भोगलेलं नाही. हल्लीच्या गेममध्ये बक्षीस म्हणून पैसे देतात, इथे पैसे हाच अडथळा होता.

नेटबंद
@मडगावचा_जुना दादा सगळं खरं, पण त्या वीस हजाराला मुदत कुठे होती? सहा महिने फिरलात तरी ती पोरगी तशीच थांबते. मुदत नसेल तर ती उधारी नाही, ती इच्छायादी झाली.

मडगावचा_जुना
पहिल्यांदा खेळताना हे माहीत नसतं रे बाबा. मी धावत होतो.

वाण्याची_सून
मुदत पाहिजे ना, मग रेसेटीअर खेळा. जपानी छोटा गेम आहे, इंग्रजीत २०१० ला आला. तुम्ही हीरो नाहीच, हीरो लोकांना तलवारी विकणाऱ्या दुकानाची मालकीण. बाप कर्ज करून गायब, आणि एक परी वसुलीला येऊन घरातच राहते (वसुलीवाली एवढी गोड कुठे असते का, पण असो). दर आठवड्याला हप्ता, पहिला १०,०००, मग ३०,०००, मग ८०,०००, मग २ लाख, शेवटचा ५ लाख. चुकला तर घर जप्त आणि पोरगी पुठ्ठ्याच्या खोक्यात.

मी म्हापशाच्या दुकानदारांच्या घरात सून म्हणून आले, त्यामुळे हे सगळं मला जरा जास्तच लागलं. गिऱ्हाईक येतं, वस्तू दाखवायची, भाव सांगायचा, तो मान हलवतो, आपण थोडं उतरायचं, फार ताणलं तर निघून जातो आणि पुढच्या वेळी तोंड वाकडं. प्रत्येकाचा खिसा वेगळा, एक छोटी मुलगी येते तिच्याकडे खाऊचेच पैसे, तिला म्हाताऱ्याच्या भावाने विकायला गेलात तर ती घेणारच नाही. मधेच बातमी येते अमुक मालाचे भाव चढले, की कोठारात दाबून ठेवलेलं बाहेर काढायचं. आमच्याकडे गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळं-भाज्यांच्या) सामानाचं जे होतं तेच, सकाळी एक भाव, दुपारी वेगळा आणि संध्याकाळी उरलेलं कोणी विचारत नाही.

एकदा मामंजी मागे उभं राहून बघत होते. भाषा कळत नाही, पण मी गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा भाव सांगताना थोडासाच उतरवला तर म्हणाले, "सूनबाई, हा परत येणारा आहे का? मग पहिल्या खेपेला सोड थोडं." सोडलं. तो पुढे रोज यायला लागला आणि त्याच्या खिशात पण वाढ झाली, गेममध्ये खरंच तसं आहे, खूश गिऱ्हाइकाचं बजेट वाढतं. मला ट्यूटोरियलने हे सांगितलं नव्हतं.

शॅकवाला
बॅटल ब्रदर्स. भाडोत्री सैनिकांची टोळी चालवायची, ऑर्क, भुतं सगळं आहे, पण खरा शत्रू रोजचा पगार. लढाई असो नसो, दिवस उगवला की पैसे गेले, वर खाणं वेगळं, हत्यारं दुरुस्तीचं सामान वेगळं. माणूस अनुभवी झाला की त्याचा पगार वाढतो, म्हणजे चांगली टोळी तयार झाली की तीच परवडत नाही. जखमी पोराला बरं होऊ द्यायचं तर बाकीचे बसून पगार खाणार. मी मे महिन्यात शॅक (किनाऱ्यावरचं हॉटेल) आवरताना स्टाफचा हिशोब करतो त्यामुळे हा गेम सीझन संपल्यावर मी लावतच नाही, डोकं दुखतं.

पेडण्याची_पोर
विचर ३ बद्दल लिहिते पण थोडं आडवळणाने.

आजीच्या ट्रंकेत एक डबा होता, त्यात पोर्तुगीज काळातली नाणी. इथे १९५८ पर्यंत रुपिया आणि तांगे, सोळा तांग्यांचा रुपिया, मग एस्कुदो आले, एका रुपियाला सहा, आणि ६१ ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया. म्हणजे आजीने तीन प्रकारचे पैसे वापरले. आम्ही लहानपणी ती नाणी घेऊन दुकान दुकान खेळायचो, ती ओरडायची नाही, पण खेळून झालं की मोजून परत डब्यात.

विचर ३ मध्ये प्रेतांच्या खिशात क्राउन सापडतात ते चालतात, पण मधेच फ्लोरेन आणि ओरेन पण सापडतात, आणि ते खेड्यातल्या दुकानात कोणी घेत नाही. फ्लोरेन निल्फगार्डचे, ओरेन तेमेरियाचे, आणि तेमेरिया तर युद्धात गिळंकृत झालेलं. ते सगळं घेऊन नोव्हिग्राडला विवाल्दी बँकेत जायचं आणि क्राउन करून आणायचे. खेळाच्या दृष्टीने फार काही नाही त्यात, एकदा जाऊन बदलून यायचं. पण कुठलं राज्य कुठे होतं आणि आता नाही हे मला त्या गेममधल्या लांबलचक पुस्तकांपेक्षा त्या नाण्यांनी जास्त सांगितलं. लिहिणाऱ्यांना एवढं सुचलं याचं कौतुक.

बाकी शेवटी तिथे पण पैसा साठतोच. हार्ट्स ऑफ स्टोन या त्याच्या पुरवणी भागातला रूनवाला (हत्यारांवर जादूची अक्षरं कोरणारा) मात्र बरोबर रिकामं करतो, आधी ५०००, मग १०,०००, मग १५,०००, प्रत्येक वेळी म्हणतो अजून थोडं सामान पाहिजे.

खाजेवाला
विचर ३ च्या गायी विसरलात का? सुरुवातीच्या गावात गायी मारायच्या, कातडी विकायची, ध्यान लावून बसायचं म्हणजे वेळ पुढे जातो, गायी परत हजर. फुकटची एटीएम. मग कंपनीने अपडेटमध्ये तिथे एक राक्षस सोडला, जास्त गायी मारल्या की येऊन चिरडतो. नाव काय तर बोवाइन डिफेन्स फोर्स इनिशिएटिव्ह. एवढी जलद कारवाई मी आयुष्यात बघितली नाही.

सरकारी_बाबू
फेबल ३ (२०१०). अर्ध्या गेममध्ये तुम्ही बंड करणारे, सगळ्यांना आश्वासनं देत सुटता, मग राजा होता आणि कळतं की वर्षभरात संकट येतंय आणि तिजोरीत ६५ लाख पाहिजेत, जेवढे कमी तेवढी माणसं मरणार. आता अनाथाश्रम ठेवायचा की तिथे वेश्यागृह काढायचं, दोन्ही कागद समोर. कल्पना एक नंबर. खेळताना मात्र लोक काय करतात, शहरातली सगळी घरं विकत घेतात, भाडं गोळा होईपर्यंत कंट्रोलर टेबलवर ठेवून जेवायला जातात, आणि मग सगळी आश्वासनं पण पूर्ण आणि तिजोरी पण भरलेली. मी तेच केलं, आणि घरमालक झाल्याबरोबर राजाची सगळी नैतिक पेचप्रसंगाची नाटकं खलास. पैसा कमवायला एक जरी बिनकष्टाची वाट ठेवली की बाकी सगळं वाया.

नेटबंद
मी उलट बोलतो. पैसा नावाची वस्तूच काढून टाका.

डायब्लो २ मध्ये सोनं होतं, कोणी विचारत नव्हतं. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी म्हणजे पैसा, अमुक चिलखताच्या एवढ्या अंगठ्या. डायब्लो ३ ने २०१२ ला खऱ्या पैशाचं लिलावघर काढलं आणि मार्च २०१४ ला बंद करावं लागलं, कारण राक्षस मारण्यापेक्षा बाजारात बसणं फायद्याचं झालं, आणि मग राक्षस कशाला मारायचे. पाथ ऑफ एक्झाइलवाल्यांनी २०१३ ला सरळ सोनंच ठेवलं नाही. केऑस ऑर्ब नावाच्या जादूच्या गोळ्याने वस्तूचे गुण बदलता येतात, तोच ऑर्ब देऊन दुसऱ्याकडून वस्तू पण घेता येते. म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्न, वापरू की देऊ? वापरला तर संपला, त्यामुळे बाजारात पूर येत नाही. २०२४ ला त्यांनी पण एका लीगमध्ये (गेमच्या नव्या हंगामात) सोनं आणलं, पण ते दुसऱ्या खेळाडूला देताच येत नाही, म्हणजे शिकलेत.

टिप्पर_डिचोली
@नेटबंद हेच तर गॉथिकचं ओअर. जो पैसा दुसऱ्या कुठल्या कामाला येतो तोच टिकतो.

नेटबंद
हो. भांडायला आलो होतो, एकमत झालं, छ्या.

मांडवीपार
सगळे वाचले. भावाला तुमची यादी पाठवली. स्कायरिमसाठी सोन्याला वजन लावणारे मॉड (खेळाडूंनीच केलेले फेरफार) असतात, त्यातला एक टाकून दिलाय, आता लाखभर नाणी घेऊन तो व्हाइटरनच्या दरवाजात उभा आहे आणि पाऊल उचलत नाही. फोन आला होता, शिव्या देत होता पण हसत होता.

खाजेवाला
त्याला सांगा बाल्डर्स गेट ३ घे. कॅम्पमध्ये विदर्स नावाचा सांगाडा असतो, मेलेला साथीदार २०० सोन्यात जिवंत करून देतो. पैसे द्यायचे, साथीदार उठवायचा, आणि मग मागून जाऊन त्याचाच खिसा कापून २०० परत घ्यायचे.

वाण्याची_सून
आमच्या दुकानात असा एक येतो.