ब्रशलेस घेतलं, तरी इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज तेवढाच का?

पटाशी:
कार्बन ब्रशवाली जुनी जोडी बदलून १८ व्होल्टचे ब्रशलेस ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतले आहेत. काम प्लायच्या कपाटांचं, बंद खोलीत. ड्रिल खरंच शांत झालं, पण इम्पॅक्ट ड्रायव्हर पहिल्याइतकाच कानठळ्या बसवतो. तीन शंका:
ब्रशलेसमुळे कमी होतो म्हणतात तो आवाज नेमका कुठला? इम्पॅक्टच्या माहितीपत्रकात ९७ आणि १०८ डेसिबल असे दोन आकडे आहेत, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र ८८ दिसतात, खरं कोणतं धरायचं? आणि ड्रिलचा ट्रिगर अगदी हलका दाबला की चक (बिट पकडणारा जबडा) फिरायच्या आधीच बारीक शिट्टी ऐकू येते. मोटर बिघडली आहे का?

गिअरबॉक्स:
ब्रशलेसमुळे जाते ती फक्त ब्रश कम्युटेटरवर (मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्यावर) घासल्याची खरखर. पंखा, गिअर आणि हातोडा तसेच राहतात. ड्रिलमध्ये ठोके नसल्यामुळे ती खरखर गेल्याचं लगेच कानाला कळतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये मात्र स्क्रू अडला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर आडवा आदळतो. एका मिनिटाला ३०००-४००० वेळा लोखंडावर लोखंड. हे सगळं मोटरच्या पुढे घडतं, त्यामुळे मोटर कुठलीही असली तरी तिथे फरक पडत नाही. उलट नवी मोटर जास्त ताकदीची असेल तर ठोकाही जोरात बसतो.

शिट्टीची काळजी नको. ब्रशलेस मोटरला वीज सलग मिळत नाही. कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करतो आणि त्या तालावर वेटोळी कंप पावतात. ट्रिगर हलका असताना बाकी काहीच वाजत नसतं, म्हणून हा आवाज उठून दिसतो. वेग वाढला की तो झाकला जातो.

काळजीचा आवाज वेगळा असतो. ड्रिलचं बिट काढा, चक घट्ट आवळा आणि दोन्ही दिशांनी, दोन्ही गिअरमध्ये रिकामं फिरवा. वेगाबरोबर चढणारी घरघर सगळीकडे सारखी असेल तर बेअरिंग बघा. एकाच गिअरमध्ये कुरकुर असेल तर त्या टप्प्याचा दात किंवा सुकलेलं ग्रीस. बिट लावल्यावरच खडखड होत असेल तर बिट वाकलंय, नाहीतर चकमध्ये तिरकं बसलंय.

डेसिबलमापक:
दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत. ९७ म्हणजे हत्यार वापरणाऱ्याच्या जागी आवाजाचा दाब. १०८ म्हणजे हत्यारातून चहूबाजूंना बाहेर पडणारी एकूण ध्वनिशक्ती. दुसरा आकडा बहुधा ८ किंवा ११ ने मोठा असतो. दोन कंपन्यांची तुलना करताना दाब दाबाशी आणि शक्ती शक्तीशीच लावा. खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शिवाय शेजारी ‘के’ अक्षरापुढे अनिश्चितता लिहिलेली असते, बहुतेकदा ३ डेसिबल. म्हणजे ९५ आणि ९७ यांत निवड करण्यात अर्थ नाही.

फोन कमी दाखवतो कारण त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला आहे. मोठा आवाज आला की तो आपोआप दाबला जातो, आणि ठोक्यांची टोकं तर कापलीच जातात. सलग गुणगुणीला अ‍ॅप कामचलाऊ आहे, इम्पॅक्टसाठी अजिबात नाही.

कानाचा हिशोब असा: अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. यात फक्त ट्रिगर दाबलेला वेळ मोजायचा. ६० स्क्रू, प्रत्येकी ३ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं. हे ऐकायला थोडं वाटतं, पण बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भरच घालतो आणि करवतीचा वेळ वेगळा धरावा लागतो. इअरप्लग लावाच.

करवतधार:
प्लायच्या कपाटाला मुळात इम्पॅक्ट लागतोच कशाला? ४ मिमीच्या स्क्रूला २.५ मिमीचं पायलट होल (स्क्रूआधीचं बारीक भोक) पाडा आणि ड्रिलनेच क्लच (ठरावीक जोरानंतर सुटणारी कडी) लावून बसवा. क्लच खालच्या आकड्यापासून सुरू करा. डोकं प्लायच्या पातळीत येताक्षणी कट्-कट् झालं पाहिजे. इम्पॅक्टच वापरायचा असेल तरी पायलट होल पाडाच, म्हणजे स्क्रू बराचसा ठोक्याविना जातो आणि शेवटचा अर्धा सेकंदच वाजतो.

अजून एक. लहान स्क्रूला ड्रिल गिअर २ वर, म्हणजे जास्त वेगाच्या गिअरवर ठेवून ट्रिगर अर्धा दाबा. गिअर १ मध्ये तोच वेग गाठायला मोटर जवळपास पूर्ण फिरते आणि आवाज तिचाच जास्त.

आणि कपाटाचा सांगाडा म्हणजे पोकळ ढोल आहे. खाली रबरी चटई घाला, मोकळी फळी शिकंज्यात धरा.

गिअरबॉक्स:
गिअर २ ची युक्ती लांब स्क्रूला नको. वेग कमी, जोर जास्त असला की मोटरमधून प्रवाह खूप जातो, आणि पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्यामुळे तोही हळू फिरतो. हत्यार तापतं. साधारण ३० मिमीपर्यंत ठीक.

पटाशी:
सगळं नीट कळलं, आभार. तेलाच्या दाबावर चालणारा इम्पॅक्ट घेतला तर? आणि गोल करवतीचं काय करता येईल?

करवतधार:
तेलवाला नक्कीच शांत. हातोडा ऐरणीवर थेट आदळत नाही, मध्ये तेल असतं, त्यामुळे खणखणाटाऐवजी बसका घर्र आवाज येतो. कपाटांना, डेकच्या स्क्रूंना उत्तम. पण गंजलेला बोल्ट सोडवायला किंवा जाड लॅग स्क्रूला (पान्याने आवळायच्या मोठ्या लाकडी स्क्रूला) त्याचा जोर कमी पडतो.

करवतीत मोटरचा वाटा थोडा, आवाज पात्याचा. दातांमधल्या खाचांतून हवा कापली जाते आणि चकती घंटेसारखी कंपते. अंगावर लेझरने कापलेल्या नागमोडी चिरा असलेलं पातं घ्या, त्या कंप तोडतात. दातांवर साचलेली राळ साफ करा. बोथट पातं ओरडतं आणि लाकूडही जाळतं.

डेसिबलमापक:
फोमचा इअरप्लग नुसता कोंबून उपयोग नाही. बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून आरशात प्लग दिसत असेल तर काढून पुन्हा बसवा.